बुजरी घोडी यात्रेला नेताना

आमची घोडी मैना चार वर्षांची, कुमेत म्हणजे तांबूस अंगाची आणि काळ्या आयाळीची, मारवाडी. घरच्या ठाणावर मांजर तिच्या पाठीवर झोपतं. तीच मैना वाऱ्याने उडालेली खताची रिकामी गोणी पाहिली की दोन पायांवर उभी राहते. अशी घोडी प्रदर्शनाच्या रिंगणात न्यायची तर काय काय आवरावं लागतं, ते पहिल्यांदा निघालेल्यांसाठी ओळीने सांगतो.

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो, ती यात्रा दत्तजयंतीची, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेची. लक्ष्मीपूजनापासून मोजलं तर साधारण ४५ दिवस हातात असतात. शांत जनावराला एवढे लागत नाहीत. बुजऱ्याला लागतात, आणि तरी पुरत नाहीत.

पहिले कागद, कारण ते आपल्या हातात नसतात. ग्लँडर्सची रक्ततपासणी महिनाभर आधीच करून घ्या. हा रोग घोड्यातून माणसालाही होतो, त्यावर लस नाही आणि जनावर बाधित निघालं तर कायद्याने मारावं लागतं. त्यामुळे अहवालाशिवाय निघूच नका. धनुर्वाताची सुई राहिली असेल तर तीही आताच द्या. सुईनंतर एखादा दिवस मान दुखते आणि दुखऱ्या मानेला लगाम नकोसा होतो.

मग चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा. आमच्याकडे प्रदर्शन म्हटलं की खुराक वाढवायची खोड आहे. अंगावर चकाकी यावी म्हणून हरभरा, ओट, वरून गूळ-तूप. काम तेवढंच, दाणा दुप्पट, मग घोडी नाचते म्हणून तक्रार. गरम घोडीचा दाणा कमी करा आणि वैरण वाढवा. चारशे किलोच्या जनावराला दिवसाला सहा ते आठ किलो कोरडी वैरण लागते, तीही थोडी थोडी, दिवसभर तोंड हलत राहील अशी. चकाकी दाण्याने कमी आणि खराऱ्याने, म्हणजे अंग घासण्याने, जास्त येते, रोज अर्धा तास हात दुखेपर्यंत. बदल काहीही असो, आठ-दहा दिवसांत हळूहळू करा. घोड्याला ओकता येत नाही. पोटात बिघडलं की थेट पोटशूळ, आणि तो रात्री दोनलाच उठतो.

आता खरं काम. यात्रेत जे जे तिला दिसणार, ऐकू येणार, ते सगळं आधी घरी आणायचं. भोंगा, ढोल, फटाका, मोटरसायकल, फडफडणारा कापडी फलक, छत्री, डोक्यावरून जाणारा ड्रोन. एका दिवशी एकच. मी मोबाइलवर ढोलाचा आवाज लावून तो ठाणापासून पन्नास पावलांवर ठेवतो, वैरण टाकतो आणि निघून जातो. कान वळतात, घास थांबतो, नाकपुड्या रुंद होतात. मग घास पुन्हा सुरू झाला की दुसऱ्या दिवशी पाच पावलं जवळ. घास सुरू झाला नाही तर उद्याही तेच अंतर. घाई केलीत तर आठवड्याची कमाई एका संध्याकाळी जाते.

वस्तू दाखवताना समोरून भिडवू नका. घोड्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, पण कपाळासमोरचा थोडा भाग आणि शेपटामागचा भाग आंधळा असतो. बाजूने आणा, तिला वास घेऊ द्या, आणि ती मागे सरली तर सरू द्या. ओढून धरलं की तिला कळतं, इथे भिण्यासारखं काहीतरी आहे.

ओढून धरण्यावरून माझ्या अंगठ्याची गोष्ट सांगायलाच हवी. काही वर्षांपूर्वी दुसरीच एक वछेरी, म्हणजे कोवळी घोडी, मी एका प्रदर्शनात नेली. घरी चंदी वाढवलेली, आणि पकड घट्ट राहावी म्हणून दोर हाताला दोन वेढे देऊन गुंडाळलेला. रिंगणाच्या तोंडाशी भोंगा खरखरला. वछेरी उठली आणि माझा अंगठा वेढ्यात राहिला. हाड दोन ठिकाणी मोडलं. तेव्हापासून दोराच्या घड्या तळहातात धरतो, हाताभोवती वेढा कधीच नाही. घरातल्या पोरांना घोड्यावर बसवण्याआधी हे शिकवतो.

धरणारा माणूस एकच ठेवा आणि तो शांत हवा. बुजऱ्या घोडीला सहा फुटी पैलवानापेक्षा जांभई देणारा म्हातारा बरा. आमच्याकडे ते काम काका करतात. घोडी तापली की ते तिच्याकडे बघतच नाहीत, खांदे सैल सोडतात आणि आयाळ संपून पाठ सुरू होते तिथे बोटांनी खाजवत राहतात. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात. खाजवल्यावर हृदयाचे ठोके उतरतात, जबड्याखालच्या नाडीवर बोट ठेवून मोजून बघा. आरामात असताना मिनिटाला २८ ते ४४ ठोके असतात. घरचा आकडा आधीच लिहून ठेवा, म्हणजे यात्रेत ती किती तापली आहे ते कळेल.

नाल निघायच्या आठ-दहा दिवस आधी मारून घ्या. आदल्या दिवशी नालबंदाला बोलावणारे असतात. एखादा खिळा आत गेला तर घोडी रिंगणात लंगडते आणि सगळे नजर लागली म्हणतात.

गाडीत चढण्याचा सराव दीड महिन्यातला निम्मा वेळ खातो, खाऊ द्या. उजेडातून अंधारात आल्यावर घोड्याच्या डोळ्यांना आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, त्यामुळे टेम्पोचं तोंड तिला काळ्या खड्ड्यासारखं वाटतं. टेम्पो उन्हाच्या दिशेने लावा किंवा आत दिवा लावा, फळ्यांवर भुसा पसरा आणि पहिले चार दिवस फक्त आत चारा खाऊ घालून परत उतरवा. बांधताना सुरगाठ, निरगाठ नाही. पाय अडकून पडली तर एका झटक्यात सुटली पाहिजे. पुण्या-बारामतीकडून रात्रभराची वाट आहे. तीन-चार तासांनी थांबा, पाणी दाखवा. परक्या गावचं पाणी ती तोंडात घेत नसेल तर घरीच आठवडाभर पाण्यात थोडा गूळ घालायची सवय लावा. मग चव सगळीकडे तीच. आपली वैरण बरोबर घ्या. सोबत एखादा म्हातारा, कशालाच न हलणारा घोडा असेल तर त्याला मुकाट्याने गाडीत घाला. त्याचं भाडं वसूल होतं.

दोंडाईचा सोडून तापीवर पोहोचलात की स्पर्धेला किमान दोन रात्री शिल्लक असाव्यात. घोडा उभ्याउभ्या डुलकी काढतो खरा, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं, आणि नव्या जागी भित्रं जनावर पहिल्या रात्री आडवं होत नाही. जागलेली घोडी दुप्पट बुजते. सकाळी अंगाला भुसा लागलेला दिसला तर झोपली समजा. ठाण भोंग्यांपासून आणि वळू घोड्यांच्या रांगेपासून लांब मागा, भले चालणं वाढलं तरी. नदीकाठी थंडी बोचते, म्हणून झूल घाला आणि अंघोळ दुपारच्या उन्हातच. मोकळ्या वेळी, गर्दी नसताना, रिंगणाच्या कडेने दोन फेऱ्या मारा. हे विसरू नका.

इथे कोणीतरी हमखास येऊन सांगतो, थोडीशी गुंगीची गोळी द्या, मेणासारखी होईल. नको. ओठ लोंबतो, पाय अडखळतात, जाणत्या परीक्षकाला दहा पावलांवरून दिसतं. काही औषधांनी तर वळू घोड्याला जन्माचं अधूपण येतं.

स्पर्धेच्या सकाळी दाणा नाहीच, फक्त वैरण. तासभर आधी वीस मिनिटं मोकळ्या जागेत दोन्ही बाजूंनी गोल फिरवा. घाम फुटण्याआधी थांबा. दमवून शांत करायला गेलात तर ती दमतही नाही आणि शांतही होत नाही. साज घरात वापरलेलाच घाला. नवी मोहरकी (तोंडावरचा साज), घुंगरांचा नवा पट्टा, हे सगळं फोटोपुरतं आणि तेही नंतर.

रिंगणाच्या तोंडाशी गर्दी करून थांबू नका, नाव पुकारलं की चालत आत जा. परीक्षकाला चारही पाय वेगळे दिसतील असं उभं करा, मग चाल, मग दुडकी. मारवाडी घोड्याच्या कानांची टोकं एकमेकांना टेकतात का, हे लोक बघतात. थंड घोड्याचे कान उभे करायला धरणारे खिशात प्लॅस्टिक चुरचुरवतात. आपल्याला त्याची गरज नाही, आपल्या घोडीचे कान सकाळपासून उभेच आहेत. शेजाऱ्याने चुरचुरवलं तर मात्र दोन पावलं बाजूला व्हा.

निकालासाठी तिला तिथे ताटकळत ठेवू नका. निकाल एखादं पोरगं धावत येऊन सांगेल. काका तिला मागच्या वाटेने ठाणावर नेतात, घाम वाळेपर्यंत हळूहळू फिरवतात, आणि मग गुळाच्या पाण्याची बादली समोर ठेवून स्वतः चहा प्यायला जातात.