टर्बोभोवती तेल दिसतंय? टर्बो उतरवण्याआधी या चुका टाळा

दिंडोरीकडच्या एका द्राक्ष बागायतदाराची डिझेल गाडी माझ्याकडे नाशिकच्या अंबडमधल्या गॅरेजात आली, तेव्हा तिच्या टर्बोवर, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्यावर, दोनदा खर्च झाला होता. आधी जुना टर्बो दुरुस्त करून बसवला. महिनाभरात पुन्हा तेल दिसायला लागलं. मग नवाकोरा टाकला, तरी इंटरकूलरच्या (टर्बोतून येणारी हवा गार करणाऱ्या भागाच्या) पाइपातून ठिबकणं चालूच. दोष निघाला ब्रीदरमध्ये. इंजिनातली वाफ बाहेर नेणारा तो होज आतून काळ्या, चिकट गाळाने जवळपास बुजला होता. ब्रीदर आणि होज बदलला, टर्बोतलं तेल परत नेणारा रिटर्न पाइप काढून साफ केला आणि गळती थांबली. द्राक्षाचा पैसा वर्षातून एकदाच हातात येतो. तो असा वाया गेलेला पाहून मला फार वाईट वाटलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मुळात टर्बोच्या शाफ्टला रबरी ऑइल सील नसतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. तो शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, शिवाय एका बाजूला सायलेन्सरकडे जाणारा तापलेला धूर असतो. तिथे रबर टिकणार नाही. म्हणून पिस्टनला असतात तशा बारीक धातूच्या रिंगा असतात. तेल आत धरून ठेवण्याचं अर्धं काम त्या रिंगा करतात आणि अर्धं काम दोन्ही बाजूंच्या हवेचा दाब करतो. तेल वरून इंजिनाच्या प्रेशरने येतं, पण खाली चेंबरकडे (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथे) परत जातं ते फक्त स्वतःच्या वजनाने. पन्हळ तुंबली की पावसाचं पाणी भिंतीत मुरतं, तसंच इथे होतं. परतीची वाट अडली किंवा चेंबरमध्ये दाब वाढला, की चांगल्या टर्बोच्या रिंगांमधूनही तेल बाहेर पडतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक: न धुता निदान करणं

तेल वरून खाली येतं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे जातं. टर्बो बहुतेक गाड्यांत खालच्या अंगाला असतो, त्यामुळे टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधलं, व्हॅक्यूम पंपाच्या सीलमधलं किंवा ऑइल फिल्टरच्या हाउसिंगमधलं तेल शेवटी टर्बोवरच जमा होतं. त्यावर आपल्याकडची धूळ बसली की काळा थर तयार होतो आणि सगळेच म्हणतात, टर्बो गेला.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. डीग्रीझर मारून तो भाग स्वच्छ करा, हवेने कोरडा करा. तापलेल्या टर्बोवर गार पाणी कधीच मारू नका, बिडाच्या हाउसिंगला तडा जाऊ शकतो. मग त्र्यंबकेश्वरला एक फेरी मारून या आणि टॉर्च घेऊन बघा, पहिला ओलावा कुठे आहे. सर्वात वरचा ओला ठिपका शोधायचा, सर्वात जास्त ओला नाही. तरीही कळलं नाही तर ऑइलमध्ये टाकायचा चमकणारा डाय मिळतो. तो टाकून गाडी थोडी चालवा आणि अतिनील दिव्याने बघा, गळतीची रेघ पिवळट हिरवी चमकते. थोडा खर्च येतो, पण टर्बोच्या बिलापुढे तो काहीच नाही.

होज काढल्यावर आत तेलाचा पातळ थर दिसला म्हणूनही घाबरू नका. ब्रीदरची वाफ टर्बोच्या आधीच इनलेटमध्ये सोडलेली असते, त्यामुळे थोडा ओलसरपणा चांगल्या गाडीतही सापडतो. पाइप वाकडा केल्यावर तेल धारेने पडलं किंवा इंटरकूलरच्या तळाशी साठलं असेल, तर मात्र ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

रिटर्न पाइप आणि सिलिकॉन पेस्ट

याबद्दल मी जरा कडक बोलतो. टर्बोच्या रिटर्न फ्लँजला पॅकिंगऐवजी सिलिकॉन पेस्ट लावणं ही सर्रास चाललेली चूक आहे. घट्ट केल्यावर ती पेस्ट आतल्या बाजूला फुगते, तिचा तुकडा सुटतो आणि परतीची वाट अरुंद होते. गळती बंद करायला लावलेली पेस्टच गळती सुरू करते. तिथे कंपनीचं पॅकिंगच लावा. तेल आत आणणाऱ्या बँजो बोल्टचे (आतून पोकळ बोल्टचे) तांब्याचे वायसर दरवेळी नवीन घ्या, एकदा दबलेला वायसर पुन्हा नीट बसत नाही. बोल्ट टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळा. जोर लावून आवळला की आटे जातात, आणि मग छोट्या कामाचं मोठं काम होतं.

रिटर्न पाइप बदलला असेल तर त्याचा कलही बघा. तो शक्यतो सरळ खाली गेला पाहिजे, उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कलता कामा नये. मध्ये वाक किंवा खोलगट भाग असला, तर तेल तिथे अडून बसतं.

बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनच्या रिंगांमधून खाली चेंबरमध्ये निसटणारा दाब, तोही इथेच तपासा. गाडी आयडलवर ठेवून ऑइल भरण्याचं झाकण सैल करा. थोडी फुंकर साहजिक आहे, पण झाकण उडायला लागलं किंवा धुराचे लोट आले, तर एकतर ब्रीदर तुंबलाय किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. ब्रीदर साफ करूनही फरक पडला नाही, तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. रिंगा गेलेल्या इंजिनावर नवा टर्बो बसवणं म्हणजे पैसे पाण्यात.

पिंपळगाव, लासलगावच्या मार्केटला गाड्या नेणाऱ्यांना एअर फिल्टरचं वेगळं सांगतो. हंगामात तिथे इतकी धूळ असते, की पुस्तिकेतल्या किलोमीटरची वाट पाहू नये. फिल्टर तुंबला की कंप्रेसरच्या (टर्बोच्या हवा ओढणाऱ्या बाजूच्या) तोंडाशी ओढ वाढते आणि ती ओढ तेलही खेचून आणते. टर्बोतून तेल येतंय असं वाटलं, की पहिलं झाकण फिल्टरच्या डब्याचं उघडा.

ऑइल जास्त भरणं ही दुसरी साधी चूक. ऑइलची पातळी दाखवणाऱ्या गेजच्या पट्टीवरच्या वरच्या खुणेपलीकडे तेल गेलं, की रिटर्नचं तोंड अडायला लागतं. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ डिझेल गाड्यांत आणखी एक गोष्ट होते. शहरातल्या छोट्या फेऱ्यांमध्ये धूर गाळणारा फिल्टर स्वतःला जाळून साफ करण्याचं काम अर्धवट सोडतो आणि न जळालेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. न भरताच पातळी वाढलेली दिसली आणि तेलाला डिझेलचा वास आला, तर ऑइल बदला.

टर्बो खरंच गेलाय हे कसं ओळखायचं

इंजिन गार असताना इनलेटचा होज काढा आणि शाफ्टचं टोक बोटांनी हलवा. आडवा किंचित प्ले (सैलपणा) चालतो, कारण तेल भरलं की तो भरून निघतो. पुढे-मागे मात्र जाणवण्याइतकं हलता कामा नये. पंख्याची पाती हाउसिंगला घासल्याच्या खुणा असतील, तर वाद नको, टर्बो बदला. निळा धूर म्हणजे तेल जळतंय एवढंच समजतं. ते टर्बोतून येतंय की रिंगांमधून, ते वरच्या तपासण्यांनी ठरवायचं. काळा धूर आणि गाडीची ताकद कमी, एवढंच असेल तर बहुधा हवेचा होज फाटलेला असतो.

नवा टर्बो बसवताना ऑइल आणि फिल्टर बदला, तेल आणणारा पाइप शक्यतो नवा घ्या, आणि चेंबरची जाळी बघा. टर्बोत हाताने स्वच्छ तेल घाला. मग इंजिन सुरू न करता नुसतं स्टार्टरने थोडं फिरवून (क्रँक करून) प्रेशर येऊ द्या. सुरू झाल्यावर लगेच रेस देऊ नका. इंटरकूलर काढून त्यातलं साठलेलं तेल नक्की काढून टाका. डिझेल इंजिन ते तेल ओढून त्यावरच धावायला लागतं, चावी बंद केली तरी थांबत नाही. तसं झालंच तर मॅन्युअल गाडीत ब्रेक जोरात दाबा, टॉप गिअर टाका आणि क्लच सोडा, इंजिन बंद पडेल. हे जमत नसेल तर गाडीपासून लांब व्हा. इनलेटच्या तोंडावर हात किंवा फडका कधीच धरू नका.

आणखी एक सवय. कसारा घाट चढून इगतपुरीला चहासाठी थांबलात, तर गाडी लगेच बंद करू नका, मिनिट-दोन मिनिटं आयडलवर ठेवा. नाहीतर लाल झालेल्या टर्बोत अडकलेलं तेल जळून कोळसा होतं आणि त्याच बारीक वाटा बुजवतं.

आणि बॉनेटमधून जळक्या तेलाचा वास आला किंवा एक्झॉस्टवर तेल पडताना दिसलं, तर घरापर्यंत जाऊ असं म्हणू नका. तिथेच बाजूला घ्या आणि टोइंग बोलवा. तापलेल्या लोखंडावरच्या तेलाने गाडी पेट घेऊ शकते.