बाईची आपबीती लिहिताना या चुका टाळा

नाव बदललं म्हणजे ओळख लपली, हा गैरसमज काही जाता जात नाही. नेहमीची बातमी बघा. बाईला ‘सुनीता’ केलं, पण पुढे छापलं काय, तर गावाच्या वेशीजवळची वस्ती, मुकादमाच्या टोळीत ऊसतोडीला जाणारा नवरा, थोरली मुलगी तालुक्याला नर्सिंगला. पाचशे उंबऱ्यांच्या गावात अशी बाई एकच असते. सकाळी पारावर पेपर उघडला की दुपारपर्यंत तिच्या दारात माणसं जमतात, केस मागे घे म्हणून. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात अशी ओळख उघड करणं हा गुन्हाही आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 नुसार दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये बजावलंय की ओळख पटेल असा कुठलाही तपशील नको. कॉपी पाठवण्याआधी ती त्याच तालुक्यातल्या माणसाच्या नजरेने वाचा. बाई ओळखू येत असेल तर नवऱ्याचा धंदा आणि लेकरांचे तपशील गाळा. खोटे तपशील मात्र घुसडू नका. खरं नाव वेगळ्या वहीत ठेवा, मोबाइलमध्ये नको.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर त्यासोबत घराचं लोकेशनही जातं. कॅमेऱ्याचं लोकेशन आधीच बंद करा.

ओसरीवर चार बाप्यांसमोर “काय झालं, सांगा” असं विचारू नये. उत्तर दीर किंवा सरपंचच देणार. बाई चुलीपाशी किंवा रानात एकटी भेटेल तेव्हा बोला, आणि सुरुवात अत्याचारापासून करू नका.

तारखेवर अडून बसणं ही नवशिक्यांची खोड. पोलीस अ‍ॅक्शन, म्हणजे भारतीय फौजांनी निजामाचं हैदराबाद संस्थान ताब्यात घेतलं ती कारवाई, पाहिलेल्या आजीला “साल कोणतं?” विचारलं की ती गप्प होते. तिला सणवार विचारा. “पोळा होऊन गेलता, गणपती बसलेले” एवढं ती म्हणाली तरी पुरे. 1948 चं पंचांग काढा. पोळा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, फौजा शिरल्या 13 सप्टेंबरला. जुळलं. नामांतराच्या दंगलीचंही तसंच, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव 27 जुलै 1978 चा, म्हणून “पेरणी झाली होती का, पिकं केवढी होती?” असं विचारा.

निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांचा जाच तेवढा लिहायचा आणि पोलीस अ‍ॅक्शननंतर मुसलमान बायांवर गुदरलेलं सोडून द्यायचं, ही अर्धी गोष्ट झाली. भारत सरकारने तेव्हा पाठवलेल्या सुंदरलाल समितीने पोलीस अ‍ॅक्शनच्या वेळी आणि नंतर मेलेल्यांचा अंदाज किमान 27,000 ते 40,000 दिला होता; उस्मानाबाद आणि नांदेड सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत होते.

एका भेटीत गोष्ट उरकू नका. ऊसतोडीच्या बाया दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात, त्या उन्हाळ्यातच परततात. डेडलाइन त्यांच्या हंगामाप्रमाणे ठरवा.