जावाचा क्लास आणि डेटाबेसचं टेबल: मॅपिंग शिकणाऱ्या नवख्यांसाठी

हायबरनेट (जावाचे क्लास डेटाबेसच्या टेबलांशी जोडणारी लायब्ररी) शिकायला बसलेला फ्रेशर बहुतेक वेळा क्लासपासून सुरुवात करतो. फील्ड लिहितो, वर अ‍ॅनोटेशन चढवतो, टेबल आपोआप तयार होतं आणि जमलं असं वाटतं. नोकरीत मात्र टेबल आधीपासूनच असतं. त्यात वर्षानुवर्षांचा डेटा पडलेला असतो, त्यावर आणखी दोन-तीन अ‍ॅप्लिकेशन्स चालत असतात, आणि तुमच्या क्लासला शोभावं म्हणून कॉलमचं नाव कोणी बदलून देत नाही. म्हणून टीममध्ये नवीन आलेल्यांना मी आधी टेबलाचं डीडीएल (टेबल तयार करणारं एसक्यूएल) उघडायला लावते, आयडीई (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) नंतर.

डीडीएल वाचताना पहिला प्रश्न: हा कॉलम नल (व्हॅल्यूच नसणं) घेतो का? घेत असेल तर फील्ड इंट नको, इंटिजर हवं. इंटमध्ये नल मावत नाही, त्यामुळे एखाद्या जुन्या रेकॉर्डमध्ये नल निघाला की तो वाचतानाच एक्सेप्शन येतं. टेस्ट डेटा स्वच्छ असतो, म्हणून हे नेमकं प्रॉडक्शनमध्ये उघडं पडतं. रक्कम असेल तर बिगडेसिमलच. डबलमध्ये पैसे ठेवायचे नाहीत, यावर वाद नको. नावांचीही एक गंमत आहे. स्प्रिंग बूट (जावाचं फ्रेमवर्क) स्वतःच्या नियमाने कॅमलकेस नावात अंडरस्कोअर घालतं (orderDate चं order_date), आणि कॉलम अ‍ॅनोटेशनमध्ये तुम्ही नाव हाताने लिहिलं असलं तरी त्यालाही तोच नियम लावतं. 'कॉलम सापडत नाही' म्हणून डोकं धरून बसलेल्यांनी आधी हा नियम, म्हणजे नेमिंग स्ट्रॅटेजी, तपासावी.

ईनमची (ठरावीक पर्यायांची यादी असलेल्या प्रकाराची) गोष्ट जरा सावकाश बघू. समजा ऑर्डरच्या स्थितीचं ईनम आहे: नवी, मंजूर, रद्द. काहीच सांगितलं नाही तर जेपीए (हायबरनेट पाळतं ते जावाचं मॅपिंगचं मानक) त्याचा क्रमांक साठवतं, म्हणजे 0, 1, 2. पुढे कोणीतरी 'नवी' आणि 'मंजूर' यांच्या मध्ये 'प्रलंबित' घुसवतो. कोड कंपाइल होतो, टेस्टही पास होतात. पण टेबलातले जुने 1 आता प्रलंबित म्हणून वाचले जातात आणि जुने 2 मंजूर म्हणून. रद्द झालेल्या ऑर्डर मंजूर! एररचं नाव नाही. एन्युमरेटेड अ‍ॅनोटेशनमध्ये स्ट्रिंग लिहिलं की हा प्रश्न मिटतो. टेबलात आधीच 'एन', 'एम' असे जुने कोड असतील तर जेपीए 2.1 पासून मिळणारा अ‍ॅट्रिब्यूट कन्व्हर्टर (कोडचं ईनम आणि ईनमचा कोड करणारा क्लास) वापरा.

आता नातेसंबंध. नवख्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि जाऊ द्यावा. ऑर्डर आणि ऑर्डरलाइन (ऑर्डरमधली एकेक नोंद) घ्या. फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या रेकॉर्डकडे बोट दाखवणारा कॉलम) ऑर्डरलाइनच्या टेबलात आहे, म्हणून नात्याची मालकी ऑर्डरलाइनकडे. ऑर्डरमधल्या लिस्टवर मॅप्ड-बाय लिहायचं; ती नुसती उलट बाजू. परिणाम असा की लिस्टमध्ये लाइन टाकली पण त्या लाइनवर ऑर्डर सेट केली नाही, तर कॅस्केडमुळे (ऑर्डरसोबत लाइनही सेव्ह करणाऱ्या सेटिंगमुळे) लाइन सेव्ह होते आणि फॉरेन की नलच राहते; कॉलम नॉट-नल असेल तर इन्सर्टच आपटतो. यासाठी ऑर्डर क्लासमध्ये एक छोटी मेथड ठेवा, जी दोन्ही बाजू एकदमच जोडेल. मॅप्ड-बाय आणि जॉइन-कॉलम दोन्ही विसरलात तर हायबरनेट या दोन टेबलांच्या मध्ये तिसरं जॉइन टेबल आहे असं धरून चालतं, आणि 'हे टेबल आलं कुठून' ही शोधाशोध सुरू होते. (लोम्बोक या नेहमीचा कोड आपोआप तयार करणाऱ्या लायब्ररीचं डेटा अ‍ॅनोटेशन अशा दुहेरी नात्यावर लावू नका. टू-स्ट्रिंग एकमेकांना बोलावत राहतात आणि स्टॅक संपतो.)

मेनी-टू-वन नातं (लाइनकडून ऑर्डरकडे) मुळात ईगर असतं, म्हणजे लगेच लोड होतं; वन-टू-मेनी (ऑर्डरकडून लाइनकडे) लेझी, म्हणजे गरज पडेल तेव्हा. शंभर लाइन जेपीक्यूएलने (जेपीएच्या क्वेरीच्या भाषेने) आणल्या आणि प्रत्येकीची ऑर्डर वेगळी असेल, तर एकूण 101 क्वेरी जातात: एक लाइनसाठी, शंभर ऑर्डरसाठी. मी सगळी नाती सरसकट लेझी करते आणि ज्या स्क्रीनला गरज आहे तिथल्या क्वेरीत जॉइन फेच (नातंही त्याच क्वेरीत आणा, अशी सूचना) लिहिते. लेझी इनिशियलायझेशन एक्सेप्शन (सेशन बंद झाल्यावर लेझी नातं वाचल्याची एरर) दिसलं की ईगर करून मोकळं व्हायचा मोह होतो, ते नको. त्या एका स्क्रीनपायी बाकीच्या सगळ्या क्वेरी जड होतात.

आयडीबद्दल थोडक्यात: आयडेंटिटी (टेबलच इन्सर्टच्या वेळी आयडी देतं) वापरलंत तर हायबरनेट इन्सर्टचं बॅचिंग करत नाही, म्हणजे अनेक इन्सर्ट एकत्र पाठवत नाही. सीक्वेन्स (डेटाबेसमधला आकडे देणारा काउंटर) वापरलात तर अ‍ॅलोकेशन साइज न सांगता 50 धरला जातो; डेटाबेसमधल्या सीक्वेन्सची वाढ 1 ची असेल तर दोन्ही आकडे जुळवून घ्या.

जेपीए 2006 मध्ये आलं. त्याआधीपासूनच्या प्रोजेक्टमध्ये एचबीएम एक्सएमएल फाइली (हायबरनेटच्या मॅपिंगच्या) भेटतील. घाबरू नका, माहिती तीच असते, फक्त क्लासबाहेर लिहिलेली. इंटरनेटवरून उचललेल्या कोडमध्ये इम्पोर्ट जावाएक्सचे आहेत की जकार्ताचे हे मात्र बघा. 2020 च्या जकार्ता पर्सिस्टन्स 3.0 पासून पॅकेजचं नाव बदललं आहे.

डीडीएल-ऑटो (सुरू होताना हायबरनेटने टेबलांचं काय करायचं ते सांगणारं सेटिंग) 'अपडेट'वर ठेवून निर्धास्त राहू नका. फील्डचं नाव बदललं की ते नवीन कॉलम जोडतं, जुना डेटासकट तिथेच राहतो. आमच्याकडे टेबलातले बदल फ्लायवेच्या (डेटाबेसमधले बदल क्रमाने चालवणाऱ्या टूलच्या) स्क्रिप्टमधून जातात आणि सेटिंग 'व्हॅलिडेट' असतं, म्हणजे कॉलम नसला किंवा त्याचा प्रकार जुळला नाही तर अ‍ॅप्लिकेशन सुरूच होत नाही. मॅपिंगचा कोड रिव्ह्यूला आला की मी एसक्यूएलचा लॉगही सोबत मागते, बाइंड झालेल्या व्हॅल्यूंसकट.