घरी इलेक्ट्रिशियन बोलावताय? या चुका टाळा

दिवे लागले, पंखा फिरायला लागला, इलेक्ट्रिशियनला पैसे दिले. बहुतेक घरांत काम इथे संपतं. पण दिवा परत लागणं वेगळं आणि बिघाड सापडणं वेगळं. सारखा पडणारा एमसीबी (धोका दिसताच वीज आपोआप तोडणारा छोटा स्विच) बदलला की दिवे लागतातच. तो का पडत होता, हे मात्र कुणी पाहिलेलं नसतं. भिंतीच्या आत वायर तापतच राहते आणि घरातले निर्धास्त झोपतात. खालच्या बहुतेक चुका या एकाच घाईतून होतात.

काही न पाहता फोन लावणं

"लाइट गेलीय, लगेच या" एवढंच सांगितलं तर येणाऱ्याला काहीच कळत नाही. कुठलं सामान आणायचं तेही नाही. दोन मिनिटं थांबा. शेजारी लाइट आहे का पाहा. नसेल तर बिघाड बहुधा वीजपुरवठा कंपनीकडचा आहे, इलेक्ट्रिशियन काही करू शकणार नाही. खांबापासून मीटरपर्यंतचं आणि सीलच्या आतलं कामही कंपनीचंच असतं. "सील काढून करून देतो" म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका.

शेजारी लाइट असेल तर डीबी (घरातले सगळे एमसीबी असलेली पेटी) उघडून बघा. एखादाच एमसीबी पडलाय की आरसीसीबी, हा फरक फार महत्त्वाचा आहे. एमसीबी पडतो तो जास्त लोडमुळे किंवा शॉर्ट सर्किटमुळे. लोड जास्त असेल तर तो काही मिनिटांनी, कधी अर्ध्या-पाऊण तासानेही पडतो. शॉर्ट असेल तर वर करताक्षणी खाली येतो. आरसीसीबीचं काम वेगळं. फेजमधून (वीज आणणाऱ्या वायरमधून) गेलेला करंट न्यूट्रलमधून (परतीच्या वायरमधून) पूर्ण परत येतोय का, एवढंच तो बघतो. घरगुती आरसीसीबी बहुधा ३० मिलिअँपिअरचा असतो. तेवढा करंट दुसऱ्याच वाटेने, म्हणजे ओल्या भिंतीतून, गिझरच्या एलिमेंटमधून किंवा कुणाच्या तरी अंगातून जाऊ लागला की तो पडतो.

जळका वास नसेल आणि डीबी कोरडा असेल तर सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा आणि मग एकेक एमसीबी चढवत जा. जो चढवताच आरसीसीबी पडेल, बिघाड त्या सर्किटवर आहे. सगळे खाली असतानाही आरसीसीबी टिकत नसेल, तर कुठेतरी न्यूट्रल अर्थला (गळती जमिनीत नेणाऱ्या वायरला) चिकटला असण्याची किंवा आरसीसीबीच खराब असण्याची शक्यता आहे. हे एकदाच करून बघा. पडलेला स्विच पुन्हा पुन्हा दाबून वर ठेवायचा नसतो. आता फोनवर सांगता येतं: "आरसीसीबी पडतोय, फक्त बाथरूमचा एमसीबी चढवला की." असं सांगितलं तर माणूस नेमकी तयारी करून येतो.

तातडीचं काय आणि सकाळपर्यंत थांबणारं काय, हे न ओळखणं

एखादा सॉकेट मेला, वास नाही, प्लेट गरम नाही: सकाळ होऊ द्या, त्याचा स्विच बंद ठेवा. पंखा हळू फिरतोय: बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो, तोही थांबेल. रात्रीचा जादा दर देऊन यासाठी कुणाला बोलवायची गरज नाही.

उलट, जळलेल्या प्लास्टिकचा वास, बोर्डातून येणारा चरचर आवाज, हाताला गरम लागणारी प्लेट, नळाला किंवा फ्रिजला हात लावल्यावर येणाऱ्या मुंग्या, डीबीत शिरलेलं पाणी, यांपैकी एकही दिसलं तर आधी मेन बंद, मग फोन. मात्र मेनपर्यंत जायला पाण्यातून चालावं लागत असेल तर जाऊ नका. बाहेर पडा आणि कंपनीला पुरवठा तोडायला सांगा. आग असेल तर पाणी मारू नका. कुणी चिकटलं असेल तर त्याला हाताने ओढू नका. आधी पुरवठा तोडा, तो तोडता येत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला दूर करा. शॉक बसलेला माणूस ठीक वाटला तरी त्याला डॉक्टरांकडे न्या. हृदयाच्या ठोक्यांची गडबड बाहेरून दिसत नाही.

एक लक्षण लोक हमखास हलक्यात घेतात. घरातले काही दिवे एकदम प्रखर होतात, काही मंद पडतात. "व्होल्टेज वरखाली होतंय" म्हणून सोडून दिलं जातं. हे न्यूट्रल तुटल्याचं लक्षण असू शकतं. थ्री-फेज पुरवठ्यात (तीन फेज, एकच न्यूट्रल) सामाईक न्यूट्रल सुटला की फेजमधलं व्होल्टेज लोडप्रमाणे वाटलं जातं आणि २३० व्होल्टच्या जागी एखाद्या सर्किटवर ४०० च्या जवळपास जाऊ शकतं. टीव्ही, फ्रिज, चार्जर काही क्षणांत जातात. दिवे असे वागले तर कारण शोधत बसू नका, मेन पाडा. आणि इलेक्ट्रिशियनबरोबर कंपनीलाही कळवा, कारण सुटलेला जोड अनेकदा बाहेरच्या खांबावर किंवा केबलमध्ये असतो.

जो लगेच येईल तो

परवाना विचारायला लोकांना संकोच वाटतो. वाटू नये. घराच्या वायरिंगवर काम करायला कुठला परवाना लागतो हे तुमच्या भागात जे असेल ते आधीच माहीत करून घ्या आणि पहिल्याच फोनवर विचारा. ज्याच्याकडे तो असतो त्याला राग येत नाही. एसी बसवणारा किंवा नळदुरुस्ती करणारा "हे पण करून देतो" म्हणाला तर त्याला त्याचं काम करू द्या, वायरिंग नको.

आणखी एक प्रश्न विचारा: तपासायला काय काय घेऊन येणार? उत्तर फक्त "टेस्टर" असेल तर दुसरा माणूस बघा. निऑनचा टेस्टर शेजारच्या वायरच्या प्रभावानेही मिणमिणतो, आणि कधी कधी करंट असूनही पेटत नाही. न्यूट्रल तुटला असेल तर न्यूट्रलच्या भोकातही तो पेटतो आणि नवखा माणूस "दोन्ही फेज आलेत" म्हणून गोंधळतो. जाणकार माणसाकडे मल्टिमीटर असतोच, लोड मोजायला क्लॅम्प मीटर असतो, मोठ्या कामाला मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासणारं यंत्र) असतो. वायरला हात लावण्याआधी तो मीटर चालू पॉइंटवर लावून बघतो, मग बंद केलेल्या पॉइंटवर, आणि परत एकदा चालू पॉइंटवर. मीटरच बिघडून शून्य दाखवत नाहीये ना, याची ती खात्री असते. ज्याला हे करताना पाहाल त्याचा नंबर जपून ठेवा.

घरात इन्व्हर्टर किंवा सोलर असेल तर ते फोनवरच सांगा. मेन बंद करूनही त्या सर्किटवर करंट राहू शकतो. हे न सांगणं म्हणजे येणाऱ्याचा जीव धोक्यात घालणं आहे.

"मोठा एमसीबी टाकून द्या"

ही मागणी बहुतेक वेळा ग्राहकच करतो, आणि या यादीत माझ्या मते सगळ्यात घातक हीच आहे. एमसीबी उपकरणाला वाचवण्यासाठी नसतो, भिंतीतल्या वायरला वाचवण्यासाठी असतो. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर भिंतीतल्या पाइपातून साधारण २० अँपिअरच्या आसपास करंट सुखरूप नेते, म्हणून तिच्यावर बहुधा १६ किंवा २० चा एमसीबी असतो. आता स्वयंपाकघरातल्या एकाच सर्किटवर २००० वॉटची इंडक्शन शेगडी, १५०० वॉटची किटली आणि २००० वॉटचा ओव्हन एकदम लावला, तर २३० व्होल्टला जवळपास २४ अँपिअर होतात. १६ चा एमसीबी थोड्या वेळाने पडतो. तो त्याचं काम चोख करतोय.

इथे एक बारकावा आहे. १६ चा एमसीबी सतराव्या अँपिअरला पडतो असं नसतं. ठरलेल्या मानकानुसार तो आपल्या आकड्याच्या १.१३ पट करंटला तासभर टिकला पाहिजे आणि १.४५ पटीला तासाच्या आत पडला पाहिजे. म्हणजे २३ अँपिअरच्या आसपासचा करंटही काही काळ वाहू शकतो आणि वायर ते सोसते. त्या जागी ३२ चा बसवला की हीच मर्यादा ४६ अँपिअरवर जाते. २० च्या वायरमधून दुप्पट करंट बराच वेळ वाहील आणि एमसीबी गप्प बसेल. इन्सुलेशन मऊ पडेल, काळं होईल, आणि पहिला वास येईल तेव्हा उशीर झालेला असेल.

उपाय सरळ आहे. त्या सर्किटचा लोड क्लॅम्प मीटरने मोजून घ्या, आणि जास्त भरला तर जड उपकरणासाठी डीबीपासून वेगळी, योग्य जाडीची वायर ओढून घ्या. खर्च होतो, भिंत फोडावी लागू शकते. तरी हाच मार्ग आहे. आणि काहीही न मोजता मोठा एमसीबी बसवायला तयार झालेला इलेक्ट्रिशियन परत घरी बोलावू नका.

अर्थिंग आहे असं समजून चालणं

तीन पिनांचा सॉकेट आहे म्हणजे अर्थ आहे, असं नाही. जुन्या घरांत अर्थची वायरच आलेली नसते, आणि काम उरकायला कुणीतरी सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये तांब्याचा एक छोटा तुकडा जोडून ठेवतो. वरून काहीच कळत नाही. प्लगमध्ये लावायचा तीन दिव्यांचा टेस्टरसुद्धा "सगळं ठीक" दाखवतो. ज्या दिवशी मागे कुठेतरी न्यूट्रल सुटतो, त्या दिवशी त्या सॉकेटला लावलेल्या वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर फेज येतो.

म्हणून इलेक्ट्रिशियन आलाच आहे तर दोन-चार सॉकेट उघडून दाखवायला सांगा. मोजमापही सोपं आहे. सर्किटवर एखादं जड उपकरण चालू ठेवून न्यूट्रल आणि अर्थ यांमधलं व्होल्टेज बघायचं. एक-दोन व्होल्ट दिसणं स्वाभाविक आहे. अगदी शून्य दिसलं तर तो तुकडा शोधायला लावा.

सैल स्क्रू आवळून मोकळं होणं

काळवंडलेला बोर्ड उघडला की नीट जवळून बघा. स्क्रूपाशी वायरचं इन्सुलेशन तपकिरी झालेलं असतं, नखाने दाबलं की कुरकुरीत तुटतं, आणि तांब्याची चमक जाऊन ते काळपट पडलेलं असतं. असा जोड नुसता आवळून उपयोग नाही. तापून गेलेला भाग कापून, ताजं तांबं उघडं करून, नव्या टर्मिनलमध्ये बसवायला हवा, आणि तापलेला स्विच किंवा सॉकेट बदलायला हवा. वायर पुरत नसेल तर भिंतीच्या आत पिळून टेप गुंडाळलेला जोड चालवून घेऊ नका. जोड असलाच तर तो डबीत आणि पुढे उघडून बघता येईल असा असावा.

बल्ब बंद केल्यावरही रात्री मंद उजेड देत असेल तर तेही सांगा. एक शक्यता अशी की स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलाय. मग दिवा बंद असतानाही होल्डरमध्ये फेज असतो, आणि बल्ब बदलणाऱ्याला शॉक बसतो.

तोंडी व्यवहार

न बघता फोनवर ठोक आकडा सांगणाऱ्यावर विसंबू नका. भेटीचं शुल्क किती, मजुरी किती, सामान कुणी आणायचं, हे आधी लिहून घ्या. मेसेजवर असलं तरी चालेल. बदललेला जुना भाग परत मागा. भिंत बुजवण्याआधी पाइप कुठून गेलेत त्याचे फोटो काढा. पुढे कुणी खिळा ठोकायला गेलं की हेच फोटो कामी येतात.

तपासणी न करता निरोप देणं

तो असतानाच आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबायला लावा, पडला पाहिजे. पुढे अधूनमधून तुम्हीही दाबत जा. त्या बटणाने अर्थिंग तपासलं जात नाही, ते वेगळंच मोजावं लागतं. नवी वायर ओढली असेल तर ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन तपासून रीडिंग लिहून घ्या, ते किमान १ मेगाओहम हवंच, आणि नव्या वायरला त्याहून कितीतरी जास्त येतं. दुरुस्त केलेल्या सर्किटवर अर्धा तास नेहमीचा लोड चालवून प्लेटवर हात ठेवून बघा. डीबीवर कुठला एमसीबी कुठल्या खोलीचा हे लिहून घ्या.

त्यानंतरही तोच एमसीबी किंवा आरसीसीबी पडला तर किती वाजता पडला, त्या वेळी काय काय चालू होतं, बाहेर पाऊस होता का, एवढं कागदावर टिपून ठेवा आणि त्याच माणसाला बोलवा. अधूनमधून येणारा बिघाड मीटरपेक्षा अशा नोंदींवरूनच जास्त वेळा सापडतो.