कॉन्ट्रा डान्सच्या संध्याकाळची कार्डं काढताना

पुढच्या महिन्यात परत कॉल करायचंय, म्हणजे कॉन्ट्रा डान्सच्या संध्याकाळी माईक हातात घेऊन हॉलभर लोकांना आता पुढे काय ते सांगायचं, आणि दर वेळी निम्मी तयारी आदल्या रात्री आठवते म्हणून या वेळी लिहूनच ठेवतेय. मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहते, इथे आमच्या मंडळातल्या लोकांना मी कॉन्ट्रा म्हटलं की आधी साल्सा वाटतं, मग म्हातार्‍यांचं काहीतरी वाटतं, तर थोडक्यात सांगते. दोन लांब रांगा समोरासमोर, तुमचा जोडीदार समोरच्या रांगेत, वरपासून, म्हणजे बँडच्या टोकापासून, चार-चार जणांचे गट पाडायचे, वाजवणारे लोक खरे समोर बसलेले, ६४ मात्रांत नाच एकदा पूर्ण होतो आणि तेवढ्यात तुमची जोडी एक घर पुढे सरकलेली असते, समोर नवीन जोडी, परत तेच. असं पंधरा-वीस वेळा. जोडीदार घरून आणावा लागत नाही, दर नाचाला नवा शोधायचा, कोणीही कोणालाही विचारतं.

तर तयारी. सगळ्यात आधी कार्डांचा डबा (एका कार्डावर एक नाच लिहिलेला) उघडायचा नाही. आधी आयोजकांना फोन. हॉल केवढा आहे, साधारण किती माणसं येतात, त्यातली पहिल्यांदा येणारी किती, आधी अर्धा तास नवख्यांचा क्लास आहे का आणि तो मीच घ्यायचाय का, बँडमध्ये काय काय वाद्यं आहेत, आणि भूमिकांना काय म्हणतात. हे शेवटचं विचारायला लाजू नका. पूर्वी सगळीकडे जेंट्स आणि लेडीज म्हणायचे, आता बर्‍याच ठिकाणी लार्क आणि रॉबिन म्हणतात, स्विंग, म्हणजे जोडीदाराला धरून जागच्या जागी गिरक्या, संपल्यावर डावीकडे उभा राहतो तो लार्क आणि उजवीकडे रॉबिन, इंग्रजीत लेफ्ट-राइटची पहिली अक्षरं तीच म्हणून लक्षात ठेवायला सोपं, आणि बाईने लार्क नाचावं की पुरुषाने रॉबिन, ज्याची त्याची मर्जी. माझी जुनी कार्डं सगळी लेडीज चेनवाली आहेत. नाचताना मनातल्या मनात बदलून वाचू म्हणाल तर नाही जमत, मी केलंय, मधेच जीभ अडकते आणि चाळीस माणसं एकमेकांकडे बघत उभी राहतात. म्हणून जेवढी कार्डं नेणार तेवढी हाताने परत लिहायची. जिप्सी नावाची फिगरही (फिगर म्हणजे नाचातली एक ठरलेली हालचाल) आता राइट शोल्डर राउंड म्हणून लिहायची, ज्यांना जिप्सी म्हटलं जायचं त्या रोमा लोकांपैकी अनेकांना तो शब्द शिवीसारखा लागतो, आणि नवीन नावात निदान कुठल्या खांद्याने फिरायचं ते तरी कळतं.

मग गणित. तीन तासांची संध्याकाळ म्हणजे १८० मिनिटं, त्यातली २० ब्रेकची, ब्रेकआधी एक वॉल्ट्झ (जोडीजोडीने करायचा संथ नाच) आणि शेवटी एक, ती १० धरा, उरली १५०. मिनिटाला साधारण ११० ते १२० ठोके या लयीत ६४ मात्रा म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या जरा वर, सोळा-सतरा वेळा वाजवलं की नऊ मिनिटं, वॉक-थ्रूला, म्हणजे संगीताशिवाय नाच एकदा चालून दाखवायला, तीन, लोकांना पाणी पिऊन जोडीदार शोधायला दोन. म्हणजे ११ नाच फार झाले. मी पहिल्यांदा १६ काढून नेले होते, क्रमाने, नंबर घालून, आणि नवव्यालाच घड्याळात शेवटचा वॉल्ट्झ आला, शेवटी करायचा म्हणून राखून ठेवलेला नाच तसाच घरी परत. आता ११ काढते आणि ७ जास्तीची घेते, त्या जास्तीच्यांबद्दल पुढे सांगते कारण खरी गंमत तिथेच आहे.

पहिला नाच कोणासाठी निवडायचा हे ठरलं की बाकीचं बरंचसं ठरतं. माझं मत स्पष्ट आहे, पहिले तीन नाच जो माणूस आज पहिल्यांदा आलाय त्याच्यासाठी. जुने लोक काहीही नाचतात, त्यांना चांगली ट्यून द्या, ते खूश. नवा माणूस मात्र पहिल्या वीस मिनिटांत ठरवतो की परत यायचं की नाही. म्हणून पहिल्या नाचात चेन (दोन रॉबिन मधून एकमेकांना हात देत समोर जातात ती) नको, 'हे फॉर फोर' नको, सर्कल, स्टार, डो-सी-डो (पाठीला पाठ करून एकमेकांभोवती फिरणं), लाँग लाइन्स पुढे-मागे, आणि जोडीदाराबरोबर भरपूर स्विंग. स्विंग शिकवायला मला आपली फुगडी फार उपयोगी पडते. फुगडीत कसं दोघी मागे झुकतात, हात ताणलेले, एकीने ढिलं सोडलं की दोघी पडणार, तसंच, फक्त इथे पकड वेगळी आणि पाय गिअरसारखे एकाच जागी टिचकत फिरतात. इथले लोक त्याला वजन देणं म्हणतात. चक्कर येत असेल तर जोडीदाराच्या चेहर्‍याकडे बघा म्हणावं, डोळ्यांत बघायला लाज वाटली तर कानाकडे बघा.

दुसर्‍या-तिसर्‍याला चेन. इथे मी बर्‍याचदा बेबी रोझ नावाचा नाच काढते (ट्यूनचे १६-१६ मात्रांचे चार भाग, ए१, ए२, बी१, बी२; शेजारी म्हणजे समोरच्या जोडीतला; बॅलन्स म्हणजे तालात एक पाऊल पुढे, एक मागे), ए१ मध्ये शेजार्‍याबरोबर बॅलन्स आणि स्विंग, ए२ मध्ये तीन घरं सर्कल आणि जोडीदाराशी डो-सी-डो, बी१ मध्ये जोडीदाराबरोबर बॅलन्स आणि स्विंग, बी२ मध्ये चेन आणि डाव्या हाताचा स्टार, आणि त्या स्टारमधूनच पुढचा शेजारी सापडतो. सरळ, कुठे अडत नाही. हे फॉर फोर चौथ्याच्या आधी नाही. ('हे' हे त्या फिगरचंच नाव, मराठीत लिहिलं की वाक्य अर्धवट राहिल्यासारखं वाटतं, इलाज नाही.) चार जण एकमेकांना उजवा-डावा खांदा देत वेणीसारखे गुंफत जातात, म्हणजे गोफ, फक्त हातात दोर्‍या नाहीत. एका नाचात एकच नवी गोष्ट, दोन नव्या गोष्टी एकत्र आल्या की वॉक-थ्रू सहा मिनिटांचा होतो आणि बँड फोन काढून बसतो.

आता कागदावर चौकटी आखायच्या. उभे रकाने फिगरचे, आडव्या ओळी नाचांच्या, ज्यात जे आहे तिथे फुली. आळस करू नका, मी दोनदा केलाय. डब्यातून आवडीची कार्डं काढत गेलं की लागोपाठ चार नाच शेजार्‍याच्या बॅलन्स-स्विंगनेच सुरू होतात, कार्डावर ते कळत नाही, चौकटीत फुल्यांची सरळ रांग दिसते. पेट्रोनेलाची गिरकी, म्हणजे चौघांनी गोलात गिरकी घेत उजवीकडच्या जागेवर जायचं ती, संध्याकाळी दोनदा फार झाली. बँडपासून दूर, हॉलच्या दुसऱ्या टोकाकडे चौघं रांगेत चालत जाऊन परत येणारा नाच एक हवाच, तो दम खायला बरा, पण लागोपाठ दोन नकोत. शिवाय बेकेट फॉर्मेशनचे, म्हणजे जोडीदार समोर नसून शेजारी उभा असतो ते, दोन-तीन घाला, पण कुठल्या बाजूला सरकायचं ते कार्डावर लाल पेनाने. आणि टोकांना काय होतं ते तपासा. जी जोडी टोकाला बाहेर पडते ती एक फेरी थांबते, जागा बदलते आणि परत आत येते, पण काही नाचांत मधेच गटाबाहेरच्या माणसाला हात द्यायचा असतो, तिथे टोकावरचा नवा माणूस हवेत हात धरून उभा राहतो. असे नाच ब्रेकनंतर.

तपासायचं कसं, तर मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या. हळद आणि तिखट एक जोडी, जिरं-मोहरी दुसरी, ओट्यावर मांडून ट्यून गुणगुणत पूर्ण नाच सरकवायचा. घरचे हसतात, हसू देत. जिर्‍याची वाटी शेवटी चुकीच्या बाजूला आली की समजायचं कार्ड उतरवताना चूक झालीये, आणि ती ओट्यावर सापडलेली बरी.

जुन्या नाचांचं काय करायचं हा दर वेळचा वाद. इथे त्यांना चेस्टनट म्हणतात. न्यू हॅम्पशरचा राल्फ पेज (१९०३–१९८५) ज्या प्रकारचे नाच कॉल करायचा त्यातल्या पुष्कळांत एक नंबरची जोडी सगळं नाचते आणि दोन नंबरची बराच वेळ उभी राहून बघते. आजच्या लोकांना ते सोसत नाही, सगळ्यांना सगळा वेळ हालचाल हवी. मला मात्र कोरस जिगमधला तो कोपर्‍यांना हात देण्याचा भाग इतका आवडतो की संध्याकाळी एक चेस्टनट मी घालतेच, ब्रेकनंतर, हॉल तापलेला असताना, आणि बँडला नीट सांगून की नावात जिग (सहा-आठच्या ठेक्याची ट्यून) असलं तरी ती रील (सरळ दोन-चारच्या ठेक्याची) आहे. आणि तो लांब चालवावा लागतो, नाहीतर जे खालून सुरू झाले त्यांची एक नंबर व्हायची पाळी येतच नाही, मग ते तुमच्यावर रागावतात, बरोबरच आहे.

संगीत. इथे नवीन कॉलर घाबरतात कारण त्यांना ट्यूनची नावं माहीत नसतात. नावं सांगायचीच नसतात हो. बँडला त्यांच्या ट्यून तुमच्यापेक्षा चांगल्या माहीत असतात, तुम्ही नाचाचा स्वभाव सांगा. मी प्रत्येक कार्डाच्या कोपर्‍यात दोन-तीन शब्द लिहिते, "बी१ ला दोन जोरदार बॅलन्स", "सगळं वाहतं, कुठे ठोसा नको", "चालत जायचंय, मार्चसारखं", "जिग चालेल, उड्या आहेत", आणि आठवडाभर आधी यादी पाठवते. बॅलन्स असलेल्या जागी ट्यूनलाही ठसका हवा, ती तिथे लाडात वळत असेल तर लोकांचे पाय पडत नाहीत. हे फॉर फोरला उलट, तिथे लांब मींडेसारखं वाहणारं काहीतरी, मायनरमधलं असेल तर फारच छान.

एक गोष्ट मात्र ठाम विचारायची, ट्यून चौकोनी आहे ना. ए दोनदा, बी दोनदा, प्रत्येक भाग १६ मात्रांचा. आपल्याकडच्या कानाला हे फार सोपं जातं, एक भाग म्हणजे तीनतालाचं एक आवर्तन, चार आवर्तनांत नाच पूर्ण, फक्त खाली-भरी नाही. क्वेबेकच्या काही सुंदर ट्यून वाकड्या असतात, कुठे एखादी मात्रा जास्त कुठे कमी, ऐकायला स्वर्ग आणि नाचायला घोटाळा. तसंच मनी मस्क, त्याचं कॉन्ट्रातलं रूप ३२ ऐवजी २४ बारचं (एक बार म्हणजे दोन मात्रा), तो नाच काढलात तर बँडला आधी कळवा. आणि आपलं कॉलिंगही तालातच, सूचना समेवर नाही तर समेच्या आधीच्या चार मात्रांत सांगून संपली पाहिजे, तेव्हा ऐकणारा समेवर पाय टाकेल. सहा-सात फेर्‍यांनंतर मी गप्प होते, त्यामुळे लक्षात राहणारा नाच निवडणं हाही संगीताचाच भाग, कॉलर बडबडत राहिली तर फिडल कोण ऐकणार.

त्या संध्याकाळी बँडबरोबर पाच मिनिटं लवकर बसा. सुरुवात कशी करणार, चार पोटॅटो का, म्हणजे फिडलवाला नाचाआधी आठ मात्रा ती धाक-धिका-धिका काढतो त्याला खरंच बटाटे म्हणतात. शेवट जवळ आला की मी तीन बोटं दाखवणार, मग दोन, मग एक. लय कोण धरून ठेवणार, बहुतेक पियानो, आणि लय पळायला लागली तर मी पियानोवालीकडेच बघणार. मेडलीत (एका नाचाला लागोपाठ दोन-तीन ट्यून) ट्यून कधी बदलायची ते त्यांच्यावर सोडा, डी या सुरातून ए मध्ये उडी मारली की हॉलमधून जो आवाज निघतो तो कार्डावर लिहून येत नाही.

आता ती ७ जास्तीची कार्डं. तीन अगदी सोपी, कारण एखादं कॉलेजचं टोळकं आठ वाजता येतं आणि क्लास तर साडेसातलाच संपलेला असतो. दोन अवघड, कारण ब्रेकला बरेच नवे लोक घरी जातात आणि मग अचानक हॉलमध्ये सगळे कसलेले उरतात, तेव्हा सोपा नाच दिलात तर ते आपापल्या जास्तीच्या गिरक्या घालत बसतात. उरलेली दोन बर्फाची. फेब्रुवारीत एकदा बर्फ पडला आणि बारा माणसं आली, बँड धरून सोळा, लांब रांग होईना, टेड सॅनेला या कॉलरने तीन जोड्यांसाठी बांधलेले ट्रिप्लेट माझ्याकडे नव्हते, तीच-तीच तीन घरं वर-खाली करत लोकांनी रात्र काढली. आता दोन ट्रिप्लेट डब्याच्या तळाशी कायम.

शेवटचा नाच अवघड नको. लोक दमलेले असतात, पाय ऐकत नाहीत. शेवटच्या १६ मात्रा जोडीदाराच्या स्विंगच्या असाव्यात, ट्यून बँडला आवडेल ती, आणि थांबायची घाई करू नका, घड्याळ बघून दोन फेर्‍या जास्त होत असतील तर होऊ देत, वॉल्ट्झ लहान करता येतो.

बाकी पाण्याची बाटली, जास्तीची पेनं, वाचायचा चष्मा, सपाट तळव्याचे स्वच्छ बूट (हॉलच्या लाकडी जमिनीवर बाहेरचे बूट चालत नाहीत) आणि कार्डांना रबरबँड. रबरबँड विसरू नका, माझी एकदा तिसर्‍या नाचाआधी पियानोखाली गेली होती, अकराच्या अकरा.