क्रिप्टो वॉलेट घेताय? आधी चेन बघा, मग ॲप

गेल्या महिन्यात मावसभावाचा रात्री साडेअकराला फोन आला, "दादा, पैसे गेले." एक्सचेंजवरून (क्रिप्टो विकत घ्यायची साइट) यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं नाणं) काढले, मेटामास्क नावाच्या वॉलेट ॲपचा पत्ता टाकला, एक्सचेंज म्हणतंय पाठवले आणि वॉलेटमध्ये शून्य. मी विचारलं नेटवर्क कुठलं निवडलं होतंस, तर म्हणे "जे स्वस्त होतं ते". म्हणजे बीईपी-२०, म्हणजे बीएनबी चेन (चेन म्हणजे ब्लॉकचेन, व्यवहारांची सामायिक वही, प्रत्येक नेटवर्कची वेगळी), आणि ह्याच्या वॉलेटमध्ये चालू होतं फक्त इथेरियम. नेटवर्क बदललं, टोकन ॲड केलं, पैसे जिथल्या तिथे. मग पुढची गंमत, ते हलवायला फी लागते त्या चेनच्या स्वतःच्या नाण्यात, बीएनबीमध्ये, आणि ह्याच्याकडे बीएनबी एक पैशाचा नाही, मग थोडा बीएनबी परत एक्सचेंजवरून मागवला तेव्हा कुठे काम झालं.

म्हणून "बेस्ट वॉलेट कुठलं" असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, कुठल्या चेनवर काय करणारेस? वॉलेट या शब्दानेच अर्धा घोळ केलाय खरंतर. ते पाकीट नाहीच, किल्ल्यांचा जुडगा आहे. नाणी त्या त्या चेनवरच असतात, ॲपमध्ये फक्त किल्ली असते आणि ते ॲप चेनवर डोकावून तुम्हाला बॅलन्स दाखवतं. ॲप उडालं तरी नाणी तिथेच, किल्ली गेली की मात्र संपलं, आणि इथे कस्टमर केअरला फोन करायची सोय नाही.

सुरुवात इथेरियमच्या कुटुंबापासून करू कारण बहुतेकांचं काम इथेच असतं. इथेरियम, पॉलिगॉन, बीएनबी चेन, आर्बिट्रम, ऑप्टिमिझम, बेस, ॲव्हलांचची सी-चेन, हे सगळे एकाच घरातले, यांना ईव्हीएम चेन म्हणतात. पत्ता सगळीकडे एकच, झीरो-एक्सने सुरू होणारा, ४२ अक्षरांचा. म्हणूनच भावाचे पैसे सापडले. त्याऐवजी त्याने एखाद्या एक्सचेंजचा पत्ता टाकला असता आणि त्या एक्सचेंजला ते नेटवर्क चालत नसतं तर मग त्यांच्या सपोर्टच्या मागे लागत बसायचं, देतील तर देतील. इथे मेटामास्क २०१६ पासून आहे, कुठल्याही साइटवर चालतं, नवीन माणसाला शिकवायला यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ. पण मला स्वतःला राबी हे वॉलेट जास्त आवडतं, कारण सही करायच्या (व्यवहाराला मंजुरी द्यायच्या) आधी ते दाखवतं की या व्यवहारानंतर तुमच्याकडून काय जाणार आणि काय येणार, आणि साइटला जे नेटवर्क हवंय ते आपोआप निवडतं. "यूएसडीटी ५०० जाणार, येणार काही नाही" असं समोर दिसलं की झोपेतला माणूसही थांबतो. (जाता जाता, पॉलिगॉनच्या जुन्या टेस्टनेटचं, म्हणजे चाचणीसाठीच्या चेनचं, नाव मुंबई होतं, २०२४ मध्ये बंद केलं आणि अमॉय आणलं. आपलं उगाच वाईट वाटलं.)

ईव्हीएमवर अजून एक भानगड म्हणजे अप्रूव्हल. एखाद्या साइटवर स्वॅप (एक नाणं देऊन दुसरं घेणं) करताना तुम्ही तिला "माझे एवढे टोकन उचलायची परवानगी" देता, आणि बरेचदा ती परवानगी अनलिमिटेड असते, वॉलेट डिस्कनेक्ट केलं म्हणून ती जात नाही, चेनवर तशीच राहते. महिन्या-दोन महिन्यांनी बसून नको त्या परवानग्या रद्द करायच्या, राबीमध्ये त्याचं पान आतच आहे. आणि रोजच्या प्रयोगांचं वॉलेट वेगळं, साठवणीचं वेगळं, म्हणजे भाजीच्या पिशवीत कोणी दागिने घेऊन फिरत नाही तसं.

सोलाना हे वेगळंच घर. पत्ता झीरो-एक्सने सुरू होत नाही, मेटामास्कचा इथेरियमवाला पत्ता इथे उपयोगाचा नाही. फँटम किंवा सोलफ्लेअर, दोन्ही चांगली, नवीन माणसाला फँटम सोपं पडतं, स्टेकिंग (नाणी चेनच्या कामाला लावून व्याजासारखं बक्षीस घेणं) वगैरे करायचं असेल तर मला सोलफ्लेअर बरं वाटतं. फी अगदीच किरकोळ, पण प्रत्येक नव्या टोकनसाठी साधारण ०.००२ सोल (सोलानाचं नाणं) अनामत म्हणून अडकतो, ते खातं बंद केलं की परत मिळतो, त्यामुळे थोडा सोल कायम ठेवायचाच. आणि न मागता आलेले एनएफटी (चित्रं वगैरेंचे डिजिटल टोकन), "तुम्ही जिंकलात" छाप, त्यातल्या लिंकला हात लावायचा नाही, सरळ बर्न, म्हणजे कायमचे नष्ट, करायचे.

सोलानावरचीच एक गोष्ट वॉलेट निवडताना कायम डोक्यात ठेवा. ऑगस्ट २०२२ मध्ये हजारो वॉलेट एका रात्रीत रिकामी झाली, आधी सगळ्यांना वाटलं चेनच फुटली, नंतर कळलं की स्लोप नावाच्या वॉलेटचं मोबाइल ॲप लोकांचे सीड फ्रेज (किल्ली परत मिळवून देणारे १२ किंवा २४ शब्द) ॲपच्या नोंदींसोबत सर्व्हरवर पाठवत होतं, तेही उघडे. चेनला काहीही झालं नव्हतं. आणि ज्यांनी तोच सीड दुसऱ्या चांगल्या वॉलेटमध्ये वापरला होता त्यांचंही गेलं. म्हणून एक सीड चार ॲपमध्ये टाकून बघायची सवय असेल तर ती सोडा, नवीन ॲप ट्राय करायचं तर नवीन सीड. कोड सगळ्यांना बघायला खुला आहे का हेही बघा, राबीचा आणि पुढे येणाऱ्या केप्लर, इलेक्ट्रम या वॉलेटचा आहे, फँटमचा नाही. याचा अर्थ फँटम वाईट असा नाही, मी स्वतः वापरतो, पण मोठी रक्कम त्यात ठेवत नाही.

नुसता बिटकॉइन घेऊन ठेवायचा असेल तर या सगळ्या पसाऱ्याची गरजच नाही. कॉम्प्युटरवर स्पॅरो किंवा इलेक्ट्रम, मोबाइलवर ब्ल्यूवॉलेट. इलेक्ट्रम २०११ पासूनचं, दिसायला जुनाट पण काम चोख. फक्त दोन गोष्टी. एक, त्याचा सीड त्याच्या स्वतःच्या पद्धतीचा असतो, तो बाकीच्या बहुतेक वॉलेटमध्ये चालत नाही, त्यामुळे कागदावर शब्दांबरोबर "इलेक्ट्रम" असंही लिहून ठेवा. दोन, २०१८ च्या शेवटी त्याच्या जुन्या व्हर्जनमध्ये खोट्या अपडेटचा मेसेज दाखवून बऱ्याच लोकांचे बिटकॉइन चोरले गेले होते, तेव्हा अपडेट नेहमी मूळ साइटवर स्वतः जाऊनच.

बाकी चेन पटकन. कॉसमॉससाठी केप्लर, त्यात एकाच किल्लीवर कॉसमॉस, ऑस्मोसिस असे वेगवेगळ्या नावाने सुरू होणारे पत्ते दिसतात, आणि ॲटम (कॉसमॉसचं नाणं) स्टेक केला तर बाहेर काढायला २१ दिवस, मधे बाजार पडला तर नुसतं बघत बसायचं. पोल्काडॉटला मोबाइलवर नोव्हा, ब्राउझरमध्ये टॅलिझमन किंवा सबवॉलेट. कार्डानोला लेस, एटर्नल किंवा योरोई, डेडलस मात्र अख्खी चेन डाउनलोड करतं, लॅपटॉपची डिस्क भरलेली असेल तर नादी लागू नका. कार्डानोचं स्टेकिंग छान आहे, नाणी लॉक होत नाहीत. ट्रॉनला ट्रॉनलिंक, पत्ता इंग्रजी टी अक्षराने सुरू होतो, यूएसडीटी पाठवायला बरेच लोक टीआरसी-२०, म्हणजे ट्रॉनचं नेटवर्क, वापरतात आणि ट्रॉनचं स्वतःचं नाणं टीआरएक्स ठेवायला विसरतात, म्हणजे भावासारखीच गत.

मग सगळं एकाच ॲपमध्ये का नको? ट्रस्ट वॉलेट, एक्झोडस आहेत की, फँटमही आता इथेरियम आणि बिटकॉइन दाखवतं, मेटामास्कमध्येही सोलाना आलं. थोडे पैसे, चार-पाच नाणी, नुसतं ठेवायचंय, तर घ्या एक मल्टिचेन, म्हणजे बऱ्याच चेन चालवणारं, आणि मोकळे व्हा. पण एखाद्या चेनवर खरंच काही करायचं असेल, स्टेकिंग, चेनच्या निर्णयांवर मतदान, स्वॅप, तर त्या चेनचं घरचं वॉलेटच बरं, कारण मल्टिचेनवाल्यांकडे नवीन फीचर उशिरा येतं आणि कधी येतच नाही.

एका वॉलेटमधून दुसऱ्यात जाताना हमखास घाबरवणारा प्रकार सांगतो. तोच १२ शब्दांचा सीड दुसऱ्या ॲपमध्ये टाकला, बरोबर टाकला, आणि बॅलन्स शून्य. सीडमधून पत्ते बनवायची एक वाट ठरलेली असते, तिला डेरिव्हेशन पाथ म्हणतात, तिच्यात प्रत्येक चेनचा एक आकडा असतो, इथेरियमचा ६०, सोलानाचा ५०१, कॉसमॉसचा ११८, आणि एकाच चेनवर दोन ॲप त्याच वाटेचं शेवटचं वळण वेगळं घेऊ शकतात. इम्पोर्ट करताना पाथ बदलायचा पर्याय शोधा, बहुतेक वेळा पैसे तिथे असतात. घाबरून टेलिग्रामवर "सपोर्ट" शोधायला जाऊ नका, तिथे जो आधी मेसेज करेल तो चोरच.

डाउनलोड करताना गूगलवर नाव टाकून पहिली लिंक दाबायची नाही, वर जाहिरातीत खोट्या साइट येतात. साइटचा पत्ता स्वतः टाइप करायचा आणि तिथून एक्स्टेन्शनच्या (ब्राउझरमध्ये बसणाऱ्या ॲपच्या) पानावर जायचं. सीडचे शब्द कागदावर लिहायचे, फोटो नाही, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवणं नाही. शब्दांची यादी २०४८ ची ठरलेली आहे आणि प्रत्येकाची पहिली चार अक्षरं वेगळी, त्यामुळे अक्षर डॉक्टरसारखं असेल तरी पहिली चार नीट काढली की पुरे.

आणि हो, टॅक्स. स्वतःच्या एका वॉलेटमधून दुसऱ्यात हलवणं म्हणजे विक्री नाही, पण वॉलेटमध्ये एका नाण्याचं दुसरं केलं की भारतात ते हस्तांतर धरलं जातं आणि नफ्यावर ३० टक्के. एक्सचेंज जशी यादी देतं तशी इथे कोणी देत नाही, तारखा आणि रक्कम आपणच एक्सेलमध्ये लिहायच्या.

शेवटचं काम, पैसे टाकायच्या आधी. शे-दोनशे रुपयांचं नाणं पाठवा, नेटवर्क दोन्हीकडे तेच आहे ना बघा, आलं की मग स्वतःच्याच कॉम्प्युटरवर दुसऱ्या ब्राउझर प्रोफाइलमध्ये ते वॉलेट कागदावरून परत उभं करा. भावाकडून मी हे करून घेतलं, वॉलेट म्हणे सीड चुकीचा आहे. तीनदा टाकला, तेच. मग मूळ वॉलेट उघडून एकेक शब्द ताडून पाहिला तर सातव्या जागी "क्विक" होतं आणि ह्याने घाईत "क्विट" लिहिलेलं. तोपर्यंत त्यात दीडशे रुपये होते.