मांगराचं शिक्षणकेंद्र करताना आधी भिंतीवरचं सिमेंट उतरवा

मांगर म्हणजे कोकणातली शेतावरची गोठा-कोठाराची इमारत. ग्रामपंचायत, सातबारा आणि 2020च्या कृषी पर्यटन धोरणाखालची नोंदणी आधी उरका. कौलं उतरवून वासे-रिपा तपासा, वाळवीने खाल्लेलं लाकूड बदला आणि छप्पर पुन्हा शाकारा.

खरं काम जांभ्याच्या, म्हणजे कोकणातल्या तांबड्या दगडाच्या, भिंतीचं आहे. तिथे "सिमेंटचा गिलावा मारा, शंभर वर्षं बघायला नको" असा सल्ला हमखास मिळतो. तो अजिबात ऐकू नका. जांभा पावसात पाणी पितो आणि उन्हात सोडतो. वर सिमेंट आलं की ते पाणी आतच कोंडतं, लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागतो, गिलावा फुगून सुटतो. त्याहून वाईट म्हणजे भिंतीत रोवलेली तुळयांची टोकं आतल्या आत कुजतात, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

सुरुवात बाहेरून करा. वर्षानुवर्षं माती साचून अंगण जोत्यावर चढलेलं असतं. ते आतल्या जमिनीपेक्षा किमान 150 मिमी खाली उतरवा आणि वळचणीचं पाणी चर खणून लांब न्या. मग आधीचा सिमेंटचा गिलावा छिन्नीने हलक्या हाताने काढा. ब्रेकरने चिरे (जांभ्याचे ठोकळे) हलतात. सांधे 20-25 मिमी खोल खरवडा.

आता थांबा. इथेच सगळे घाई करतात. दिवाळीनंतर भिंत उघडी केली, तर फेब्रुवारीपर्यंत वाळू द्या. फूटभर प्लॅस्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने लावून दिवसभर ठेवा. आतून दव धरलं तर भिंत अजून ओली आहे.

नव्या गिलाव्याला एक भाग मुरवलेला चुना, एक भाग सुरखी (विटांची पूड), दोन भाग नदीची धुतलेली वाळू घ्या. खाडीची वाळू कितीही स्वस्त मिळाली तरी नको, तिच्यातलं मीठच पुढे लोणा होऊन बाहेर येतं. मुरवताना कळीचा चुना पाण्यात टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. तो उसळतो आणि डोळे जातात. थर 10-12 मिमीचे द्या, आठवडाभर ओलं गोणपाट लावा. एप्रिलअखेर काम संपलंच पाहिजे.

आत लादी नको. लादीखालची ओल भिंतीकडेच वळते. जमीन चोपून सारवा. विजेच्या तारा भिंत न खणता वरून न्या.

घिरट (भात भरडायचं जातं), उखळ, कणगी (धान्याची), इरली (पावसात पांघरायची) मुलांच्या हाताला लागतील अशी मांडा. एका भिंतीचा हातभर पट्टा मुलांच्या नजरेच्या उंचीवर बिनगिलाव्याचा ठेवा, म्हणजे चिरा आणि सांधा दोन्ही दाखवता येतात. दाराशी उतरण करा: एक फूट चढाला बारा फूट लांबी.